साठ अंडी आणि ठकूचा दीड सेकंद

चि. ठकू हिला मामाकडून ओंजळभर आशीर्वाद, आणि ओंजळीत मावले नाहीत ते वेगळे.

तब्येत कशी आहे? झोप लागते का? वेळेवर जेवतेस ना? (हे तिन्ही प्रश्न तुझ्या मामीचे. ती मागे उभी राहून मी ते लिहितो की नाही हे बघत होती. लिहून झाल्यावर समाधानाने आत गेली आहे, त्यामुळे इथून पुढचं पत्र माझं.) आम्ही दोघं मजेत. माझा गुडघा पूर्वी जिने चढताना दुखायचा, आता उतरतानाही दुखतो, म्हणजे निदान त्याच्यात भेदभाव राहिलेला नाही. तू परवा चार दिवसांसाठी आलीस आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी बॅग भरून निघालीस. दारात "मामा, सॉरी" एवढंच म्हणालीस आणि रिक्षात बसलीस. तेव्हापासून मी तुला फोन करायचं ठरवतोय. पण फोनवर माझं असं होतं की मुद्द्याचं वाक्य तोंडाशी आलं की मी "बरं, ठेवतो" म्हणतो आणि ठेवतो. म्हणून पत्र. मला तुझे आभार मानायचे आहेत. ते नीट मानायचे तर आधी मी काय काय उद्योग केले ते सगळं सांगायला हवं, कारण तू पाहिलंस ते फक्त शेवटचं पान होतं.

तुला माहीत आहे की मी सव्वीस वर्षं एका छापखान्यात औषधांच्या चिठ्ठ्यांची मुद्रितं तपासतो. गोळ्यांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो पातळ कागद असतो ना, जो कुणीही उलगडत नाही आणि उलगडला तर पुन्हा तशी घडी घालू शकत नाही, तो मी वाचतो. दिवसाला तीस-चाळीस. दुष्परिणाम नेहमी आढळणारे, कधीकधी आढळणारे, क्वचित, अतिक्वचित. दहात एकाला डोकं दुखेल, हजारात एकाला पुरळ येईल, दहा हजारांत एकाची जीभ सुजेल. तुझी मामी कुठलीही गोळी घेताना जिभेचं विचारते आणि मी तिला दरवेळी हसून सांगतो, अगं, दहा हजारांत एक म्हणजे कुणीच नाही. हे वाक्य लक्षात ठेव. हेच वाक्य म्हणणारा माणूस सात महिने काय करत होता ते आता सांगतो.

आमच्याकडे बांधणी खात्यात एक बाइंडर आहे. त्याच्या बोटांना कायम खळ लागलेली असते म्हणून त्याला सगळे डिंक्या म्हणतात. (त्याने हात मिळवला की सुटायला वेळ लागतो.) जेवणाच्या सुट्टीत तो फोनवर एक खेळ खेळायचा. एक बेट, बेटावर झाडं, झाडांवर पक्षी. पक्षी अंड्यातून निघतात, अंडी मोत्यांना मिळतात आणि मोती, हे मला नंतर कळलं, पैशांना मिळतात. डिंक्या म्हणाला, साहेब, तुम्हीही एक फोडून बघा, पहिलं फुकट आहे. मी फोडलं. चांदीचा खंड्या निघाला! डिंक्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्याला दोन महिन्यांत एकही चांदीचा पक्षी मिळाला नव्हता. ठकू, सव्वीस वर्षांत माझ्या कामाचं कौतुक म्हणून कुणी टाळीसुद्धा वाजवलेली नाही. मुद्रितशोधकाचं काम चोख झालं तर ते दिसतच नाही, चुकलं तरच दिसतं. आणि इथे त्या एवढ्याशा खंड्यासाठी तुताऱ्या वाजल्या, फुलं पडली आणि माझं नाव सगळ्या बेटाला दिसेल असं वर झळकलं. (पहिल्या फुकट अंड्यातून चांदीचा पक्षी सगळ्यांनाच निघतो आणि डिंक्या आपला पहिला खंड्या विसरून गेला होता, हे तू मला परवा सांगितलंस. मला वाटलं होतं माझा हात चांगला आहे.)

मग रोज एक अंडं. मग रोज तीन. एक अंडं सत्तर मोत्यांना आणि मोत्यांची पिशवी शंभरांची, त्यामुळे प्रत्येक खरेदीनंतर तीस मोती शिल्लक राहायचे आणि ते वाया जाऊ नयेत या काटकसरी विचाराने मी दुसरी पिशवी घ्यायचो. मी काटकसर म्हणून खर्च करत होतो, ठकू! सगळ्या बेटाला हवा होता तो निळ्या तुऱ्याचा राजहंस. मला नव्वद बदकं मिळाली. बदकं इतकी झाली की बेटावर पाय ठेवायला जागा राहिली नाही. पण दर पाच-सात अंड्यांमागे एखादं अंडं तडकताना आतून निळा उजेड यायचा, तो उजेड तसाच राहायचा, राहायचा... आणि बदक. मला वाटायचं, आत्ता हुकला, अगदी थोडक्यात हुकला, म्हणजे जवळ आलाय. शिवाय शंभर अंड्यांमागे एक चांदीचा पक्षी हमखास असं लिहिलेलं, त्यामुळे चौऱ्याण्णव अंडी झालेला माणूस थांबणार कसा? आणि शंभर झाली की मोजणी पुन्हा एकपासून.

आता तुझ्या मामीची बाजू. (ही तुला बिलकुल माहीत नाही.) एकदा मी आंघोळीला गेलो असताना माझा फोन वाजला आणि तिने बघितला. त्यावर होतं, "तुमची साठ अंडी आली आहेत, लवकर या." त्याच आठवड्यात तिने मला गॅलरीत डिंक्याशी फोनवर बोलताना ऐकलं की आज चाळीस फोडली, एकही धड निघालं नाही. मला काही न विचारता तिने दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटातलं तूप बंद केलं. मग लोणी. मग तळण. मग सगळंच उकडलेलं यायला लागलं. मी विचारलं तर म्हणायची, तुम्हालाच ठाऊक. मी गप्प बसलो, कारण ज्याच्या मनात चोर असतो त्याला कुठलंही वाक्य लागू पडतं. शेवटी एका शनिवारी तिने मला डॉक्टरांकडे नेलं. उपाशीपोटी रक्त दिलं, आणि संध्याकाळी अहवाल घेऊन दोघं त्यांच्यासमोर बसलो. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे, काळजीचं कारण काय? मामी म्हणाली, हे अंडी खातात. डॉक्टर म्हणाले, खाऊ द्या की, किती खातात? मामीने माझ्याकडे न बघता सांगितलं, "परवा साठ."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. अहवालाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा अहवालाकडे. मी त्याच वेळी खरं सांगायला हवं होतं. पण तू माझ्या जागी बसून बघ. मी ती अंडी खात नाही, ती अंडी नाहीतच, पण मी ती विकत घेतो, असं एखाद्या डॉक्टरसमोर सांगितलं तर तो आपल्याला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवतो. मी खाली मान घातली. डॉक्टर म्हणाले, आठवड्याला तीनपर्यंत आणा हळूहळू, एकदम तोडू नका. वर त्यांनी माझं रक्त महिन्याने पुन्हा मागितलं. माझ्या प्रकृतीसाठी नव्हे, त्यांना शास्त्रीय कुतूहल होतं म्हणून.

अशा परिस्थितीत तू आलीस. तू खेळांच्या कंपनीत आहेस एवढं आम्हाला माहीत होतं. ताईला विचारलं तर ती म्हणायची, कॉम्प्युटरवर चित्रं हलवते. दुसऱ्या दिवशी सकाळी मामी बाजारात गेलेली, तू चहा घेत होतीस आणि मी तुझ्यासमोर बसून, वर्तमानपत्राच्या आडोशाने, रोजची अंडी फोडत होतो. आवाज बंद करायला विसरलो. तडक, तडक आणि मग ती शांतता. तू कप खाली ठेवलास. कपाचा आवाज मला अजून आठवतो. उठून माझ्या मागे येऊन उभी राहिलीस आणि पडद्याकडे बघत, जणू कुणाचा तरी पत्ता ओळखावा तशी, म्हणालीस, "मामा, हा थांबा माझा आहे."

मला कळलंच नाही. मला वाटलं बसचा थांबा. मग तू सांगितलंस. अंडं तडकल्यापासून पक्षी दिसेपर्यंतचा तो दीड सेकंद तू बसवलेला. आधी तो अर्धा होता. मग अर्ध्या लोकांना अर्ध्या सेकंदाचा दाखवला, अर्ध्यांना दीड सेकंदाचा, आणि दीडवाल्यांनी जास्त अंडी घेतली म्हणून सगळ्यांनाच दीड लावला. त्याबद्दल तुला बक्षीस मिळालं होतं. (त्या बक्षिसातून तू मामीला स्वेटर पाठवला होतास. तो तिने त्या दिवशीही घातला होता. मी तुला ते तेव्हा मुद्दाम सांगितलं नाही, आता सांगतोय, कारण तो उबदार आहे आणि त्याचा काही दोष नाही.) निळा उजेडही मुद्दाम. अंड्यात बदक येणार हे आधीच ठरलेलं असतं, उजेड नुसता हुरहूर लावायला. जवळ येणं वगैरे काही नसतं. तू एकेक सांगत गेलीस आणि मी तुझ्याकडे असं बघत राहिलो जसं एखाद्याने आपल्याच घराची गुप्त दारं दाखवावीत. मग तू विचारलंस, मामा, किती घेतलीस आजवर? आपण दोघांनी मिळून मोजली. सहाशे चाळीस. मग तू ते पान उघडलंस, जे तीन दारं ओलांडून मुंगीएवढ्या करड्या अक्षरांत असतं, आणि बोट ठेवलंस. राजहंस, शून्य पूर्णांक पाच शतांश टक्के. मी मनातल्या मनात रूपांतर केलं, सवयच आहे. दहा हजारांत पाच. क्वचित. आमच्या चिठ्ठीत हे जिभेच्या सुजेच्या शेजारी छापतात.

मी हसायला लागलो, ठकू. खरंच हसू आलं होतं. पण तू रडायला लागलीस. म्हणालीस, ऑफिसात जास्त पैसे भरणाऱ्यांना आम्ही देवमासे म्हणतो, रोज सकाळी फळ्यावर आकडा लिहितो की आज किती देवमासे आले. आणि मला कधी वाटलंच नाही की त्यातला एक माझा मामा असेल. मी म्हणालो, अगं, देवमासा म्हणजे निदान मोठा तरी आहे. हे वाक्य चुकलं. तू आणखी रडलीस. (तू लहान असताना मी तुझं नाव ठकू ठेवलं तेव्हा त्यात ठकवणं आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, असाही एक विनोद माझ्या मनात आला होता. तो केला नाही, याबद्दल मला थोडे गुण दे.) आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू निघून गेलीस.

आता तू गेल्यानंतरचं. तू गेलीस त्याच दुपारी मी छापखान्यात बसून स्वतःसाठी एक चिठ्ठी तयार केली. आमच्या नेहमीच्या टंकात, नेहमीच्या पातळ कागदावर, पाकिटात ठेवायला. वर औषधाचं नाव, अंडी. खाली, नेहमी आढळणारे दुष्परिणाम (दहात एकापेक्षा जास्त), बदक. कधीकधी, चांदीचा खंड्या व त्यामुळे येणारा फाजील आत्मविश्वास. क्वचित (दहा हजारांत पाच), राजहंस. आणि सगळ्यात शेवटी, बायकोशी खोटं बोलणे, उपलब्ध माहितीवरून याची वारंवारता सांगता येत नाही. लिहून मन हलकं झालं. इतकं हलकं झालं की चिठ्ठी मी टेबलावरच ठेवून चहाला गेलो. परत आलो तेव्हा टेबल साफ होतं. त्या दिवशी पोटातल्या वायूवरच्या एका गोळीची अंतिम मुद्रितं मंजुरीसाठी औषध कंपनीकडे जायची होती. ती गेली होती. माझी चिठ्ठी बरोबर घेऊन.

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. (उकडलेलं होतं, तेही एक कारण.) तिसऱ्या दिवशी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. काचेतूनच मला दिसलं की आत कंपनीच्या तपासनीस बाई बसल्या आहेत. या बाई म्हणजे आमच्या छापखान्याची परीक्षाच. एका पानावर चाळीस लाल खुणा करून परत पाठवतात. मालकांनी माझी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. तिच्यावर एकच लाल खूण होती. मी "क्वचित" हा शब्द दीर्घ काढला होता. सव्वीस वर्षं, ठकू! दिवसातून तीस वेळा वाचतो तो शब्द! मला नोकरी जाण्यापेक्षा त्या वेलांटीची लाज वाटली. मी उभ्या उभ्या माफी मागितली, खेळाचं सगळं सांगितलं, सहाशे चाळीसचा आकडाही सांगितला. बाई ऐकत होत्या. मग पर्समध्ये पेन ठेवत म्हणाल्या, "याच्या चार प्रती मिळतील का? माझे वडील असल्याच एका खेळात रणगाड्यांच्या पेट्या उघडतात."

बाई गेल्यावर मालक बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. मी निरोपाची वाट बघत होतो. शेवटी ते म्हणाले, यापुढे घरचे कागद घरी ठेवा. मी "हो" म्हणून दाराशी पोचलो तेवढ्यात त्यांनी हळूच विचारलं, "हे फक्त अंड्यांना लागू आहे, की ते फिरवायचं चाक असतं, त्यालाही?" मी म्हणालो, चाकालाही. मालक म्हणाले, अस्सं. त्यांना मी इतकं उदास कधीच बघितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन तुझ्या मामीला सगळं सांगितलं. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, पहिल्या खंड्यापासून. पैसेही सांगितले, दोन पगार गेले होते. ती गॅस बंद करून ऐकत होती. माझं संपल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हता. ती म्हणाली, म्हणजे अंडी कुणीच खात नव्हतं? मी म्हणालो, कुणीच नाही. मग ती मटकन खाली बसली आणि पदराने डोळे पुसत हसायला लागली. ठकू, सात आठवडे त्या बाईला वाटत होतं की साठ अंडी एकटा माणूस खाऊ शकत नाही, तेव्हा माझं कुठेतरी दुसरं घर असणार आणि त्या घरात बरीच माणसं असणार! ती मला उकडलेलं घालत होती ते माझ्या तब्येतीसाठी की त्या घरच्यांवरच्या रागाने, हे तिलाही नक्की सांगता येईना. डॉक्टरांनी रक्त चांगलं म्हटल्यावर तर तिची खात्रीच झाली होती. ती सात आठवडे हे एकटीने पोटात घेऊन वावरत होती, मला सकाळी डबा देत होती, आणि मी वर्तमानपत्रामागे बसून बदकं मोजत होतो. दोन पगारांचं मला वाईट वाटतं, पण ते परत मिळवता येतील. हे मात्र तू तेव्हा कप खाली ठेवला नसतास तर मला कधी कळलंच नसतं.

म्हणून हे आभार. तू गप्प बसू शकली असतीस. चहा संपवून "छान खेळ आहे मामा" म्हणाली असतीस तर तुझं काही बिघडलं नसतं, उलट तुझ्या फळ्यावरचा आकडा तसाच राहिला असता. स्वतःच्या हातचं काम असं समोर ठेवून, हे मी केलं आणि हे असं फसवतं, म्हणून सांगायला जे लागतं ते माझ्यात नव्हतं; मला तर बायकोला साधं "अंडी खोटी आहेत" सांगायला सात आठवडे आणि एक तपासनीस बाई लागली. तू मला लाज आणलीस असं जर तुझ्या मनात असेल तर ते खोडून टाक. आमच्याकडे खोडायची खूण असते, शब्दावर आडवी रेघ आणि शेवटी एक वेटोळं. तशी खोड. मला आता जेवणाच्या सुट्टीत डिंक्याबरोबर पत्ते खेळायला मिळतात. (त्याने बेट सोडलेलं नाही, पण चिठ्ठी पाकिटात ठेवली आहे. म्हणजे ती आता पाकिटाला चिकटली आहे.) ताटात तूप परत आलं आहे. काल मामीने मला चक्क दोन अंड्यांचं ऑम्लेट करून घातलं आणि समोर बसून मी ते खातो की नाही हे डोळे भरून बघत राहिली.

पुढच्या सुट्टीत पुन्हा ये आणि या वेळी चौथा दिवसही राहा. ताईला माझा नमस्कार सांग आणि तू चित्रं हलवतेस एवढंच तिला माहीत असू दे, की खरं सांगायचं, ते तुझं तू ठरव.

तुझा, बेटावरून सुखरूप परतलेला,
मामा

ता. क. ताईचा आत्ताच फोन आला. ती म्हणते तू राजीनामा लिहून ठेवला आहेस आणि दोन दिवस तो बॅगेत घेऊन ऑफिसला जाते-येतेस. देऊ नकोस किंवा दे, यातलं काहीही मी सांगणार नाही, तेवढी अक्कल मला या सात महिन्यांत आली. पण द्यायचा असेल तर आधी मला पाठव. मजकुराला हात लावणार नाही, फक्त शुद्धलेखन बघून देतो. खरं म्हणजे हे पत्र मी त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, असं आता मला वाटतंय.

आणखी एक ता. क. खेळ मी फोनवरून काढून टाकलाच आहे, पण माझ्या नावावर अकरा अंडी न फोडता पडून आहेत. पैसे आधीच भरलेली. मी फोडणार नाही. शब्द. पण तू आतली माणूस आहेस, तर त्या अकरांत काय आहे ते तुला तिथून बघता येतं का? नुसतं सांग. हो किंवा नाही एवढंच. निळा तुरा.

ठकू, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून मला हे दिसलं. अकरा नाहीत, चौदा आहेत. सोमवारी फुकट वाटत होते म्हणून ह्यांच्या फोनवर खेळ परत घालून मी तीन घेतली आणि मग काढून टाकलं. ह्यांना काही सांगू नकोस. मला एकटीला फोन करून सांग. — मामी